इंग्लंडमधल्या छोट्या गावात घर घेतोय: गुन्हेगारी, सुरक्षितता कशी तपासावी?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आम्ही सध्या लंडनजवळच्या स्लाऊमध्ये राहतो. नवऱ्याला चेस्टरच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली आहे, म्हणजे आठवड्यातल्या काही रात्री तो घरी नसणार. माझं काम घरूनच. मुलगा ९ वर्षांचा. सासूसासरे उन्हाळ्यात सांगलीहून येतात ते चांगले पाचसहा महिने राहतात.

चेस्टरपासून वीसेक मिनिटांवर एका गावात घर आवडलंय. नाव मुद्दाम देत नाही, ऑफर अजून मान्य व्हायची आहे. एक पब, एक चर्च, प्राथमिक शाळा. दुकान नाही. गॅसची लाइन नाही, मागच्या अंगणात घर तापवायच्या तेलाची टाकी आहे. रात्री मुद्दाम चक्कर मारली तर रस्त्यावर एक दिवा नाही. स्लाऊची सवय असलेल्या माणसाच्या पोटात गोळाच येतो.

पोलिसांच्या साइटवर नकाशा पाहिला. एवढ्याशा गावात सर्वात जास्त नोंदी 'हिंसा आणि लैंगिक गुन्हे' या सदरात! एका खासगी साइटवरचा दर हजारी आकडाही काही फार कमी नाही. एजंट म्हणतो, 'व्हेरी सेफ एरिया'. तो दुसरं काय म्हणणार?

हे आकडे कसे वाचायचे? रात्री मुलाला घेऊन एकटीने राहण्याजोगं असतं का? दागिने कुठे ठेवता? आणि सगळं गाव गोरं, त्यात आपण एकटे, याचा त्रास होतो का? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

आकडेमोड
नकाशाबद्दल सांगतो, रोज आकड्यांशीच गाठ असते.

पहिली गोष्ट, तो ठिपका म्हणजे गुन्ह्याची जागा नव्हे. ओळख उघड होऊ नये म्हणून प्रत्येक नोंद जवळच्या एका ठरलेल्या बिंदूवर नेऊन ठेवतात. म्हणून तिथे 'ऑन ऑर निअर' असं लिहिलेलं असतं. त्या बिंदूच्या टापूत सहसा किमान आठ पत्ते असावे लागतात. शहरात आठ पत्ते म्हणजे एक जिना. खेड्यात दोन शेतं, एक गल्ली आणि हायवेचा तुकडा. पेट्रोलपंपावरचं भांडण तुमच्या चर्चच्या दारात दिसू शकतं.

दुसरं, ते सदर नावाइतकं भयंकर नाही आणि अगदीच किरकोळही नाही. इजा न झालेली धक्काबुक्की, पाठलाग, छळ, धमकीचे मेसेज, सगळं त्यातच मोडतं. जवळपास सगळीकडे हेच सदर सर्वात मोठं असतं. बरंचसं घराच्या चार भिंतींत, ओळखीच्या माणसांत घडलेलं. अंधारात कोणी दबा धरून बसलंय असा त्याचा अर्थ नाही.

तिसरं, दर हजारी आकडा छोट्या गावासाठी जवळजवळ निरुपयोगी. ४०० वस्तीच्या गावात वर्षात ४ गुन्हे झाले की दर १० आणि ८ झाले की २०. लगेच 'गुन्हेगारी दुप्पट' असा मथळा! एकाच पोराने एका रात्री सहा गाड्यांचे आरसे फोडले तर वर्षाचा आलेख बिघडतो. एक महिना पाहू नका. तीन वर्षांच्या नोंदी काढा आणि घरफोडी, वाहनचोरी एवढंच वेगळं करून आजूबाजूच्या चारपाच गावांशी ताडून पाहा.

आणि नकाशावर काय नसतं तेही लक्षात घ्या. फसवणूक नाही, जी सर्वेक्षणांत गुन्ह्यांचा सर्वात मोठा प्रकार म्हणून दिसते. वेगाने गाडी हाकणं नाही. रस्त्याकडेला कचऱ्याच्या गाड्या रिकाम्या करणं नाही, कारण ते कौन्सिलकडे जातं. खेड्यात लोक वैतागलेले असतात ते नेमके या गोष्टींनी.

मिरजमळा
वाचतेय. आम्हीपण याच वळणावर आहोत.

श्रॉपशरवाली
कृष्णाकाठताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण बाकीचं लोक देतीलच.

आमच्या गावात आमचं एकच भारतीय घर. सुरुवातीला पडदे हलायचे, हे खरं. 'वेअर आर यू फ्रॉम' हा प्रश्न इतक्यांदा आला की नवरा 'बर्मिंगहॅम' म्हणून समोरच्याचा चेहरा बघत बसायचा. पण अंगावर येणारा त्रास नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात साउथपोर्टमधल्या मुलींवरच्या चाकूहल्ल्यानंतर दंगली झाल्या तेव्हा मात्र आम्हीही घाबरलो होतो. रॉदरहॅम, टॅमवर्थ, मिडल्सब्रो, सगळी शहरं. आमच्याकडे शेजारीण केक घेऊन आली आणि 'सगळं ठीक ना' विचारून गेली. तिला यापेक्षा जास्त बोलता येत नव्हतं, पण आली. उगाच गोड चित्र रंगवत नाही, पबमध्ये एकदा नको ते ऐकूनही घेतलंय. तसं काही झालं तर द्वेषमूलक गुन्हा म्हणून नोंदवायचंच, 'जाऊ दे' म्हणायचं नाही.

आता सासऱ्यांबद्दल. माझे बाबा पहिल्यांदा आले तेव्हा एप्रिल होता. संध्याकाळी जेवण झालं की शतपावली. डोक्यात माकडटोपी, अंगात माझ्या भावाचा काळा जर्किन, हात पाठीमागे बांधलेले. लोकांच्या बागेपाशी थांबून वाकून बघायचे, कारण लसूण की कांदा हे त्यांना ठरवायचं असायचं. तिसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज: 'चर्च लेनमध्ये एक अनोळखी माणूस, टोपीने चेहरा झाकलेला, घरं हेरतोय.' मी उत्तर टाइप करतेय तोवर खालीच एका आजोबांनी लिहिलं, 'ते श्रॉपशरवालीचे वडील. माझ्या लीकला (कांद्यासारखी भाजी) जास्त पाणी होतंय असं म्हणाले. त्यांचं बरोबर आहे.' दुसऱ्या दिवसापासून लोक बाबांना हाक मारून बागा दाखवायला लागले.

तेव्हा सल्ला असा: सासूसासरे यायच्या आधी ग्रुपवर दोन ओळी टाका, जमलं तर फोटोही. गावात कॅमेऱ्यांपेक्षा कुत्री फिरवणाऱ्यांचं लक्ष जास्त असतं. ते तुमच्या बाजूने असले की निम्मं काम झालं. (ग्रुपवर रोज एक 'संशयास्पद पांढरी व्हॅन' येईल. ती बहुतेक पार्सलवाल्याची असते.)

खडूस_काका
प्रश्नच चुकीचा आहे. चोरदरोडेखोरांचं काय घेऊन बसलात? ब्रिटनमधले निम्म्याहून जास्त रस्तेमृत्यू ग्रामीण रस्त्यांवर होतात. गावाबाहेर पडलं की अरुंद गल्लीला ताशी ६० मैलांची मर्यादा, दोन्हीकडे कुंपण, फुटपाथ नाही. सासरे काळं जर्किन घालून तिथे शतपावली करणार? त्यांना आधी पिवळं चमकतं जाकीट घेऊन द्या.

मुलगा दोन वर्षांनी माध्यमिक शाळेत जाईल तेव्हा बसथांबा कुठे आहे ते आज बघा. आठ वर्षांवरच्या मुलाला, त्याची ठरलेली शाळा ३ मैलांपेक्षा लांब असेल किंवा चालत जायचा रस्ता धोक्याचा असेल, तर कौन्सिल फुकट वाहतूक देते. पण तो रस्ता धोक्याचा आहे हे त्यांना पटवावं लागतं.

आणि तातडीचा ९९९ नंबर लावल्यावर पोलिसांची किंवा अँब्युलन्सची गाडी पोचायला शहरापेक्षा वेळ लागणार, हे गृहीत धरा. अर्ध्या गावात घरांना नंबर नसतात, नुसती नावं. 'रोझ कॉटेज' एकाच पंचक्रोशीत तीन. घराची पाटी रस्त्यावरून दिव्यात दिसेल अशी लावा आणि आपलं व्हॉटथ्रीवर्ड्स (तीन शब्दांत नेमकी जागा सांगणारा पत्ता) फ्रिजवर लिहून ठेवा. सासूसासरे सत्तरीचे असतील तर गावात डिफिब्रिलेटर (बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र) कुठे आहे ते विचारा. बऱ्याच ठिकाणी जुन्या लाल फोनबूथमध्ये असतो. टेलिफोन कंपनी ती बूथ गावांना एक पौंडाला देते.

मी स्वतः खेडं सोडून शहरात परत आलो. गुन्हे नव्हतेच. दूध संपलं की गाडी काढा, याला कंटाळलो.

कुलूपकिल्ली
काकांशी अर्धा सहमत. पण सोन्याचा प्रश्न खरा आहे, तो उडवून लावू नका. दक्षिण आशियाई घरांतलं सोनं चोरांना ठाऊक आहे. दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी इथले पोलीस दरवर्षी सूचना काढतात. २०१९ मध्ये बीबीसीने पोलिसांकडून आकडे मागवले तेव्हा पाच वर्षांत १४ कोटी पौंडांहून जास्त किमतीचं 'एशियन गोल्ड' चोरीला गेल्याचं निघालं. चोर गावात शिरतो तो गाव वाईट म्हणून नाही, घर एकटं आणि हायवे जवळ म्हणून.

हाय स्ट्रीटवरच्या बहुतेक बँकांनी लॉकर देणं बंद केलंय. खासगी व्हॉल्ट आहेत, त्यातला घ्या. रोजचं मंगळसूत्र आणि दोन बांगड्या सोडून घरात काही ठेवू नका. डाळीच्या डब्यात नको, देवघराच्या खणात तर मुळीच नको, त्या जागा आता सगळ्यांना पाठ आहेत. घराच्या विम्यात एका वस्तूमागे मर्यादा असते. त्यावरचा प्रत्येक दागिना नावानिशी नोंदवावा लागतो, फोटो आणि मूल्यांकनासकट. सासूबाईंचं सोनं पाहुणी म्हणून आल्यावर धरतात का, हे वेगळं विचारा. बहुतेक जण इथेच फसतात.

दार लाकडी असेल तर पाच लिव्हरचं, बीएस ३६२१ शिक्का असलेलं कुलूप. प्लास्टिकचं दार असेल तर टीएस ००७ चं तीन तारे असलेलं सिलिंडर, जे मधोमध मोडून उघडता येत नाही. पण घर लिस्टेड, म्हणजे जुनी वास्तू म्हणून सरकारी यादीत असेल तर दारंखिडक्या बदलायला परवानगी लागते, घेण्याआधीच बघा. गाडी बिनकिल्लीची (किल्ली जवळ असली की आपोआप उघडणारी) असेल तर ती किल्ली दाराजवळच्या वाडग्यात ठेवू नका. तिचा सिग्नल अडवणाऱ्या पाऊचमध्ये ठेवा.

रात्री एकटीसाठी: ९९९ लावून बोलणं शक्य नसेल तर मोबाइलवर सूचना आल्यावर ५५ दाबायचं, कॉल पोलिसांकडे जातो. त्याने तुमची जागा आपोआप कळत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. तातडी नसेल तर १०१.

पॅरिशची_खुर्ची
उशिरा आलो. मी चेशरमध्येच, म्हणजे चेस्टरच्याच परगण्यात आहे आणि आमच्या पॅरिश कौन्सिलच्या (इथली ग्रामपंचायतच म्हणा) बैठकांना जाऊन बसतो, सवयच लागली आहे.

तुम्ही घर बघताय तो भाग तर या विषयाचं माहेरघर! ब्रिटनमधली पहिली नेबरहुड वॉच योजना (शेजाऱ्यांनी मिळून परिसरावर लक्ष ठेवायची) १९८२ मध्ये चेस्टरजवळच्या मॉलिंग्टन गावात सुरू झाली. कल्पना अमेरिकेतली, रुजली इथे. आता देशभर खांबाखांबावर ते स्टिकर दिसतात. पण स्टिकर वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. समन्वयक कोण आहे ते विचारा. नाव चटकन सांगता आलं तर योजना जिवंत, 'पूर्वी असायचे एक' असं उत्तर आलं तर समजून जा.

माझा मुख्य सल्ला: नकाशा बंद करा आणि त्या गावाच्या पॅरिश कौन्सिलची इतिवृत्तं वाचा. साइटवर असतात, नसली तर क्लार्कला ईमेल करा. दोन वर्षांची एका संध्याकाळी वाचून होतात. त्यात पोलिसांचा अहवाल असतो, लोकांच्या तक्रारी असतात. कुत्र्याची घाण आणि पबसमोरचं पार्किंग यावर पानंच्या पानं असतील तर डोळे झाकून घर घ्या. चोऱ्यांनी खरंच त्रासलेलं गाव कुत्र्याच्या घाणीवर इतका वेळ घालवत नाही. एकाच कोपऱ्यावरच्या वेगाबद्दल दर महिन्याला तक्रार असेल तर तो कोपरा तुमच्या घरापासून किती लांब, ते पाहा. अशा ठिकाणी गावकरी पिवळी जाकिटं घालून, स्पीडगन घेऊन उभे राहतात. दंड करता येत नाही, पण नंबर पोलिसांकडे जातो आणि घरी पत्र येतं.

बैठकीत सुरुवातीला सहसा जनतेसाठी थोडा वेळ ठेवतात. जाऊन बसा, 'इथे घर बघतोय' म्हणा, चहाच्या वेळी कोणीतरी सगळं सांगेल. पीसीएसओ (पोलिसांचा गावात फिरणारा मदतनीस) येत असेल तर त्यालाही गाठा. त्याला पोलिसाएवढे अधिकार नसतात, पण कुठल्या घरात काय शिजतंय ते त्यालाच माहीत असतं.

आणखी एक. विकणाऱ्याला टीए६ फॉर्ममध्ये शेजाऱ्यांशी झालेले वाद लिहावे लागतात. सॉलिसिटरला तो भाग नीट वाचायला सांगा. गावात चोराशी एकदा गाठ पडेल, कुंपणावरून भांडणाऱ्या शेजाऱ्याशी रोज.

भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थ नागरिक म्हणून इथे मत देता येतं, हे बऱ्याच आपल्या लोकांना माहीत नसतं. नाव नोंदवा. कायम राहण्याचा परवाना मिळाला की पॅरिश कौन्सिलला उभंही राहता येतं. जागा रिकाम्याच असतात.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. श्रॉपशरवाली, तुमच्या बाबांचा किस्सा सासऱ्यांना वाचून दाखवला, ते म्हणाले, 'मी टोपी काढणार नाही.' खडूस_काका, पिवळं जाकीट मागवलं.

इतिवृत्तं वाचली. कुत्र्याची घाण आहे, पार्किंग आहे, चर्चच्या छपरावरचं शिसं चोरीला गेल्याचं एकदा आहे. एका बैठकीत तेलचोरीचा उल्लेख मात्र आहे. टाकीचं काय करायचं?

लिंकनशरचा_वारा
आमच्याकडे हे नेहमीचं. थंडीच्या तोंडावर आणि तेल महाग झालं की वाढतं. टाकी रस्त्यावरून दिसत असेल तर आधी काटेरी झुडपं लावा. झाकणाला चांगलं कुलूप, पण त्यावर विसंबू नका, प्लास्टिकची टाकी सरळ भोकसतात. मग चोरीपेक्षा सांडलेल्या तेलाची साफसफाई महाग पडते, म्हणून विम्यात दोन्ही आहे का बघा. पातळी एकदम उतरली की मोबाइलवर कळवणारा सेन्सर मिळतो, तो बसवाच. हालचालीने लागणारा दिवा टाकीकडे तोंड करून लावा, शेजाऱ्याच्या बेडरूमकडे नको, नाहीतर पुढच्या इतिवृत्तात तुमचं नाव येईल.

एकदम टाकी भरून ठेवू नका. बऱ्याच गावांत मिळून तेल मागवायचा गट असतो, स्वस्तही पडतं आणि टँकर कोणत्या दिवशी येणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी तुमच्या अंगणाशी टँकर किंवा ड्रम लादलेली गाडी दिसली तर कोणीतरी नंबर टिपून घेईल.

मिरजमळा
त्या सेन्सरला वायफाय लागतं का? आमच्या गावात मागच्या अंगणात रेंज येत नाही.

लिंकनशरचा_वारा
आमच्याला लागत नाही. टाकीवरचं यंत्र रेडिओने घरातल्या प्लगला कळवतं, प्लग बीप करतो. मोबाइलवर हवं असेल तर त्या प्लगला वायफाय लागेल, टाकीला नाही. घेण्याआधी टाकी ते प्लग अंतर मोजा, दगडी भिंत मधे असेल तर पोच निम्म्याने कमी धरा.