मदत हवी आहे: १/१६ टायगरचा डावा पट्टा रिव्हर्समध्ये सारखा उतरतोय

नमस्कार मंडळी, इथे आरसी (रिमोटवर चालणारे) रणगाडे चालवणारं कोणी आहे का? असाल तर प्लीज सगळं वाचा, थोडं लांबलंय.

माझ्याकडे १/१६ स्केलचा टायगर वन (दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा) आहे. खालची बॉडी प्लास्टिकची, गिअरबॉक्स स्टीलचे. मूळचे प्लास्टिकचे पट्टे काढून मेटलचे टाकलेत, स्प्रॉकेट (पट्टा फिरवणारं दातांचं चाक) आणि मागचा आयडलर (पट्टा ताणून धरणारं चाक) पण मेटलचे, तिन्ही एकाच सेटमधले. रोडव्हील्स (मधली, वजन पेलणारी चाकं) मूळचीच. मेटलचे पट्टे टाकल्यापासून डावीकडचा पट्टा उतरतोय. सरळ पुढे जाताना काही नाही, गच्चीवर कितीही पळवा. पण रिव्हर्स घेत घेत वळवला की आधी कट कट कट असा आवाज येतो, मग मागे आयडलरवर पट्टा बाहेरच्या अंगाला सरकतो, मधले उभे गाइड हॉर्न (पट्ट्याला जागेवर धरणारे आतले दात) आयडलरच्या कडेवर चढतात आणि संपलं, सायकलची चेन उतरावी तसा अख्खा पट्टा बाहेर. आयडलरच्या कडेला हॉर्न घासून चकचकीत चरा पडलाय, उजव्या आयडलरला तसलं काहीच नाही.

गोंधळ असा आहे की पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ठेवून पट्टे हवेत ठेवून चालवला तर एकदम मस्त फिरतो, पुढे पण आणि मागे पण, आणि पट्टा बघायला घट्टच वाटतो. खाली ठेवला की त्रास सुरू. जिथून घेतला तिथले म्हणतात गिअरबॉक्सच बदला. तो स्वस्त नाही आणि मला पटतही नाहीये. काय करू? एक कडी काढू, स्प्रॉकेट बदलू, की खरंच गिअरबॉक्स?

प्रतिसाद

अजिबात काही विकत घेऊ नका आत्ता. आधी कटकट नक्की कुठून येतेय ते शोधा, कारण ती तीन ठिकाणांहून येऊ शकते आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.

टँक गठ्ठ्यावर ठेवा, हातात जाड कापड घ्या, डावा पट्टा वरून घट्ट धरा आणि दुसऱ्या कोणाला तरी अगदी हळू थ्रॉटल द्यायला सांगा. एक-दोन सेकंदच, जास्त वेळ नको, मोटर तापते आणि बोर्डावर लोड येतो. आता स्प्रॉकेटकडे बघा. स्प्रॉकेट फिरतोय आणि दात कड्यांवरून उड्या मारतायत तर भानगड पट्ट्याची, म्हणजे ढिलेपणा किंवा पिच (कड्यांमधलं अंतर). शाफ्ट (गिअरबॉक्समधून येणारा दांडा) फिरतोय पण स्प्रॉकेट थांबलाय तर डी आकाराच्या शाफ्टवर त्याचं भोक सैल झालंय किंवा स्क्रू सुटलाय, शाफ्टच्या टोकाला मार्करने एक रेघ मारून ठेवलीत तर लगेच कळेल. आणि शाफ्टही थांबलाय, आत मोटर घर्र करतेय, तर मग गिअरचे दात. गिअरबॉक्सचा विचार फक्त या तिसऱ्या केसमध्ये करायचा. पहिली दोन जास्त दिसतात.

प्रतिसाद

वरच्यांनी सांगितलेली टेस्ट कराच, पण तुमच्या पोस्टमध्येच अर्धं उत्तर आहे. "हवेत घट्ट, जमिनीवर त्रास."

टँक उचलला की सस्पेन्शनचे आर्म खाली लोंबतात, चाकं खाली जातात आणि पट्टा ताणला जातो. खाली ठेवला की वजनाने चाकं वर जातात आणि तेवढाच पट्टा ढिला पडतो. त्यात तुम्ही मेटलचे पट्टे टाकलेत, ते जमिनीवर पसरलेले असताना त्यांचं वजन स्प्रिंगवर येत नाही हे खरं, पण वरच्या बाजूचं, स्प्रॉकेटचं, आयडलरचं वजन येतंच ना, म्हणजे टँक आधीपेक्षा अजून थोडा दबणार. म्हणून ताण कधीही गठ्ठ्यावर बघायचा नाही. बॅटरी आत, टरेट वर, टँक सपाट फरशीवर, आणि मग बघायचं.

रिव्हर्समध्येच का, तर टायगरचा स्प्रॉकेट पुढे आहे. पुढे जाताना तो पट्टा वरच्या बाजूने ओढून घेतो, त्यामुळे वरची बाजू ताणलेली राहते आणि आयडलरवर पट्टा सरळ बसतो. रिव्हर्समध्ये तो खालून ओढतो आणि वरच्या बाजूला ढकलतो, सगळा झोळ वर येऊन जमतो. त्याच वेळी वळवलं की जमीन पट्ट्याला आडवं ढकलते. झोळ अधिक आडवा जोर म्हणजे पट्टा उतरणारच. टी-३४ किंवा लेपर्ड २ ला स्प्रॉकेट मागे असतो, तिथे हे सगळं उलटं होतं.

प्रतिसाद

मी इंग्लंडमधल्या डॉर्सेटपासून फार लांब राहत नाही, बोव्हिंग्टनच्या टँक म्युझियमला जाणं होतं. तिथला टायगर १३१ म्हणजे एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांनी पकडलेला, अजून चालू अवस्थेत आहे. त्याचा पट्टा नीट बघा, वर एकही रिटर्न रोलर (वरचा पट्टा उचलून धरणारं छोटं चाक) नाही, पट्टा सरळ त्या मोठ्या चाकांवर टेकून पडलेला असतो. म्हणजे थोडा झोळ हा टायगरला हवाच, तो काढायच्या नादात पट्टा तारेसारखा ताणू नका. मॉडेलमध्ये जास्त ताणलं की आयडलरचा माउंट वाकतो, गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतो आणि बॅटरी पण लवकर उतरते. माझा अंदाज, वरचा पट्टा मधल्या चाकांना जेमतेम टेकला की पुरे.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, टेस्ट केली. स्प्रॉकेट फिरतोय आणि दात कड्यांवरून उड्या मारतायत, शाफ्टवरची रेघ आणि स्प्रॉकेटवरची रेघ एकत्रच फिरतात, म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष. इतकं बरं वाटलं!

फरशीवर ठेवून बघितलं तर डावीकडचा झोळ उजवीपेक्षा स्पष्ट जास्त आहे. मग आयडलर एक खाच मागे घेतला तर झोळ गेला, पण आता नवीनच दिसतंय, वरून बघितलं तर डावा आयडलर सरळ उभा नाहीये. ॲक्सलचं बाहेरचं टोक पुढे ओढलं गेलंय. बॉडीपासून आयडलरच्या पुढच्या कडेचं आणि मागच्या कडेचं अंतर व्हर्नियरने मोजलं, जवळपास २ मिमीचा फरक. उजवीकडे दोन्ही सारखं. पट्टा काढला की डावा परत सरळ होतो.

प्रतिसाद

सापडला चोर. प्लास्टिकची बॉडी मेटलच्या पट्ट्याचा ताण सोसत नाहीये, आयडलरचा माउंट लवतोय. आयडलर तिरका झाला की पट्टा एका अंगाला चालायला लागतो, तुमचा तो चकचकीत चरा त्याचाच.

उपाय सोपा आहे, फक्त घाई करू नका. बॉडी उघडा, माउंट जिथे भिंतीला बसतो तिथे आतून ॲल्युमिनियमची पट्टी लावा, २ मिमी जाडीची चालेल, ॲक्सलच्या मापाचं भोक पाडून. नुसती चिकटवू नका, आधी दोन छोटे स्क्रू आणि मग टू-पार्ट इपॉक्सी. प्लास्टिक आधी सँडपेपरने खरखरीत करा नाहीतर इपॉक्सी सुटून येतो. याहून पक्कं हवं असेल तर डाव्या आणि उजव्या माउंटच्या मध्ये आडवी पितळी नळी टाका, म्हणजे दोन्ही बाजू एकमेकांना धरून राहतात. मी स्वतः नळीच टाकली असती. इपॉक्सी रात्रभर वाळू द्या.

झाल्यावर बाजूला लांब स्टीलची पट्टी धरून स्प्रॉकेट, बाहेरची रोडव्हील्स आणि आयडलर एका रेषेत आहेत का बघा. स्प्रॉकेट आत बसला असेल तर शाफ्टवर पातळ वॉशर घालून बाहेर काढा. आणि शाफ्टच्या स्क्रूला निळा थ्रेडलॉकर (स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा गोंद) लावा, लाल नको, तो नंतर गरम केल्याशिवाय निघत नाही.

प्रतिसाद

कडी काढायचा मोह होईल पण ते शेवटी. पट्टा लांबतो तो कड्या जोडणाऱ्या पिनांच्या भोकांच्या झिजेने. एका कडीत फक्त ०.१ मिमी झीज झाली आणि एका बाजूला ९० कड्या धरल्या तर ९ मिमी होतात, म्हणून नव्या पट्ट्याचा झोळ पहिल्या काही बॅटरी चार्जनंतर वाढतोच. आयडलरची शेवटची खाच संपली तरच एक कडी काढा. आणि आयडलर वरच्या मापाने नीट बसवूनही दात कड्यांवर चढत असतील तर मग पिचचा फरक समजा, तिथे ताण वाढवून काही होत नाही, त्याच पट्ट्याला जुळणारा स्प्रॉकेटच लागतो.

पुण्यात किंवा जवळपास असाल तर नगरच्या रणगाडा संग्रहालयात एकदा जाऊन या. विजयंता, सेंच्युरियन आहेत, त्यांचा स्प्रॉकेट मागे आणि आयडलर पुढे असतो. पट्टा कुठे टेकतो, कुठे सुटतो, हे प्रत्यक्ष जवळून बघितलं की मॉडेल लावताना हात आपोआप बरोबर चालतो.

धागाकर्ता

नळी टाकली! डावा आयडलर आता ताणाखाली पण सरळ राहतो. गच्चीवर रिव्हर्समध्ये डावीकडे, उजवीकडे, जागच्या जागी, सगळं करून बघितलं, पट्टा जागेवर. कटकट पण गेली. मुलगी रिमोट सोडत नाहीये. एकच शेवटचं, पिना थोड्या करकरतात, शिलाई मशीनचं तेल घालू का?

प्रतिसाद

तेल नको. तेलावर गच्चीची धूळ बसते, तिची पेस्ट होते आणि तीच पिना घासते, ती ९ मिमीवाली झीज अजून लवकर येईल. कोरडी ग्राफाइट पावडर घाला, कुलपात घालतात तीच, ब्रशने पिनांच्या टोकांना, आणि चालवून झाल्यावर जुन्या टूथब्रशने पट्टे झाडा. तेल किंवा ग्रीस फक्त गिअरबॉक्सच्या आत.