गरम झाल्यावर स्पीडोमीटरचा काटा पडतो आणि ऑटोमॅटिक गिअर झटका देतो, स्पीड सेन्सर की गिअरबॉक्स?

निळी_सेदान

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे, जरा सविस्तर लिहिते. गाडी जुनी आहे, ४ स्पीड ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाली (म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारी), फ्रंट व्हील ड्राइव्ह. थंड असताना एकदम छान चालते, काही म्हणजे काही तक्रार नाही. पण चांगली गरम झाली की ४०-५० च्या आसपास स्पीडोमीटरचा काटा धप्पकन शून्यावर येतो, लगेच परत वर जातो, आणि त्याच क्षणाला गिअरबॉक्स असा झटका देतो की मागे बसलेली माणसं पुढच्या सीटवर आपटतात. असं लागोपाठ झालं की ओव्हरड्राइव्हचा (सगळ्यात वरच्या गिअरचा) दिवा लुकलुकायला लागतो आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकून बसते, जागेवरून उचलच घेत नाही. बाजूला घेऊन बंद करून परत चालू केली की पुन्हा ठीक.

स्कॅनरवर पी०५०० आणि पी०७२० असे दोन कोड आले. मेकॅनिक म्हणाला गिअरबॉक्स उतरवून उघडायलाच लागेल. ऑइलची लेव्हल बरोबर आहे, रंग लालसर आहे, जळका वास नाही. गिअरबॉक्स उघडायच्या आधी घरच्या घरी काय काय तपासता येईल? माझ्याकडे साधा मल्टिमीटर आहे आणि लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर आहे.

चौथा_गिअर

ताई गिअरबॉक्स अजिबात उघडू देऊ नका. दोन्ही कोड स्पीड सेन्सरचे आहेत, पी०५०० म्हणजे व्हेइकल स्पीड सेन्सर आणि पी०७२० म्हणजे आउटपुट स्पीड सेन्सर. सेन्सर एका बोल्टवर असतो, काढा, नवीन टाका, कोड क्लिअर करा, विषय संपला.

तारजोड

गिअरबॉक्स उघडू नका ह्याला माझं पण अनुमोदन, पण सरळ सेन्सर बदला ह्याला नाही. कोड काय सांगतो, तर त्या सर्किटमधून सिग्नल नीट येत नाहीये. त्या सर्किटमध्ये सेन्सर आला, कनेक्टर आला, मधली वायर आली, अर्थ आला आणि मॉड्यूलपण (गिअरबॉक्स चालवणारा कॉम्प्युटर) आलं. आणि ह्यात एक फसवी गोष्ट आहे ती सांगतो, सेन्सर बदलताना कनेक्टर निघतो आणि परत बसतो, त्या घासण्याने पिना साफ होतात आणि लूज कॉन्टॅक्ट काही काळ धरतो, मग माणसाला वाटतं सेन्सरच गेला होता, आणि थोड्या दिवसांनी तेच दुखणं परत सुरू. म्हणून आधी सिद्ध करा, मग पार्ट मागवा.

पहिली गोष्ट, गिअर खरंच घसरतोय की फक्त सिग्नल गायब होतोय हे ठरवा. स्कॅनरवर इंजिन आरपीएम, इनपुट स्पीड (गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा, काही स्कॅनरवर टर्बाइन स्पीड लिहिलेलं असतं), आउटपुट स्पीड (गिअरमधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टचा) आणि गाडीचा स्पीड हे चारही एका स्क्रीनवर घ्या, रेकॉर्डिंग लावा, शेजारी बसणाऱ्याच्या फोनवर जीपीएसचा स्पीड चालू ठेवा आणि गाडी गरम करून फिरवा. गाडी चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, रेकॉर्डिंग घरी येऊन बघा.

आकडे कसे वाचायचे ते सांगतो. समजा टायरचा घेर १.९ मीटर आणि फायनल ड्राइव्ह (चाकाच्या एका फेऱ्यामागे आउटपुट शाफ्टचे फेरे) ४.१ आहे. ५० च्या स्पीडला गाडी मिनिटाला साधारण ८३३ मीटर जाते, म्हणजे चाक ४३९ च्या आसपास फेरे मारतं, त्याला ४.१ ने गुणलं की आउटपुट शाफ्ट १८०० च्या जवळ आला. तिसरा गिअर १:१ असेल तर इनपुटपण १८०० दिसायला हवा. आता झटका बसला त्या क्षणाला इनपुट १८०० वरच आहे, फोन ५० दाखवतोय आणि आउटपुट तेवढा शून्य झालाय, तर गिअर मजेत आहे, फक्त सिग्नल मेला. चालती गाडी एका क्षणात थांबून परत ५० ला जाऊच शकत नाही. उलट आउटपुट फोनच्या स्पीडशी जुळतोय पण इनपुट १८०० वरून २५००-२६०० ला पळतोय, तर आत क्लच किंवा बँड (गिअर पकडून ठेवणारे भाग) घसरतोय आणि मग मेकॅनिकच्या बोलण्यात तथ्य आहे. तुमचा काटा पडतो आणि नेमका त्याच वेळी झटका बसतो ह्यावरून मला पहिली शक्यता जास्त वाटते. गिअर नुसता घसरला तर इंजिन रेस होईल, काटा शून्यावर जाणार नाही.

झटका का बसतो, तर मॉड्यूलला कुठला गिअर टाकायचा आणि ऑइलचं प्रेशर किती ठेवायचं हे ह्याच सिग्नलवरून ठरवायचं असतं. स्पीड एकदम शून्य दिसला की लॉकअप (टॉर्क कन्व्हर्टरची इंजिनशी थेट पकड) सुटतो, काही गाड्यांत खालचा गिअर मागितला जातो, आणि इनपुट-आउटपुटचा हिशोब जुळेना झाला की मॉड्यूल फेलसेफला (बचावाच्या मोडमध्ये) जाऊन एका गिअरला धरून ठेवतं. चावी बंद-चालू केली की तो हिशोब नव्याने सुरू होतो, म्हणून तुमची गाडी तात्पुरती सुधारते.

ऑइलसील

तारजोड भाऊंनी मुद्द्याचं सांगितलं. मी सेन्सरचं सांगतो. कनेक्टरला वायर किती आहेत ते आधी बघा, कारण टेस्ट त्यावर ठरते.

दोन वायर असतील तर बहुतेक वेळा आत चुंबक आणि कॉइल असते, बाहेरून सप्लाय लागत नाही, तो स्वतःच एसी व्होल्टेज तयार करतो. कनेक्टर काढून सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजा, योग्य रेंज तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. थंड असताना एकदा आणि गाडी तापलेली असताना एकदा असं दोन्ही वेळा मोजा, कारण कॉइलची तार आत तुटली असेल तर थंडीत जुळते आणि तापली की उघडते. फक्त एक लक्षात ठेवा, तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतोच, २० डिग्रीला ५०० ओहम दाखवणारी कॉइल ९० डिग्रीला ६३५ च्या आसपास दाखवेल, तो बिघाड नाही. मीटर ओपन दाखवायला लागला तर बिघाड.

तीन वायर असतील तर बहुधा हॉल टाइप, म्हणजे चुंबकीय बदल ओळखून चालू-बंद सिग्नल देणारा. ह्याला ओहम लावून काही कळत नाही, तो प्रयत्न करू नका. सप्लाय (५ किंवा १२ व्होल्ट, गाडीप्रमाणे), अर्थ आणि सिग्नल अशा तीन वायर. चावी ऑन करून कनेक्टरच्या मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोजा, वायरचं इन्सुलेशन टोचू नका, त्या भोकातून पाणी शिरतं आणि वायर आतून सडत जाते. बऱ्याच गाड्यांत सिग्नल वायरवरचा व्होल्टेज मॉड्यूल देतं आणि सेन्सर फक्त तो खाली ओढतो, त्यामुळे सेन्सर काढून ठेवला तरी त्या वायरवर व्होल्टेज दिसायला हवा. नसेल तर वायर तुटलीय किंवा मॉड्यूलमध्ये घोळ आहे, आणि नवीन सेन्सर टाकून काहीही फरक पडणार नाही.

सेन्सर बाहेर काढलाच तर टोक बघा. करड्या रंगाचा मऊ चिखल चिकटलेला असेल तर घाबरू नका, क्लचची झीज असते, पुसून टाका. लोखंडाचे तुकडे किंवा सुईसारखे कण दिसले तर मात्र गिअरबॉक्सकडे लक्ष द्यायला पाहिजे. काही जुन्या गाड्यांत सेन्सरला प्लास्टिकचं छोटं गिअर असतं, त्याचे दात झिजले तरी काटा असाच नाचतो.

निळी_सेदान

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. रेकॉर्डिंग केलं. अगदी तारजोड म्हणाले तसंच, झटक्याच्या वेळी इनपुट १७५० च्या आसपास स्थिर, फोनवर ४८-४९, आणि आउटपुट शून्य, पुन्हा १७५०, पुन्हा शून्य. इंजिन कुठेही रेस झालं नाही. म्हणजे गिअर घसरत नाहीये ना?

सेन्सर तीन वायरचा आहे. थंड गाडीला सप्लाय बरोबर, अर्थ बरोबर. आता सेन्सर चालतोय की नाही हे गाडी न चालवता कसं बघू?

तारजोड

हो, तुमचा गिअरबॉक्स सध्या तरी निर्दोष. मेकॅनिकला हे रेकॉर्डिंग दाखवा, वाद घालायची वेळच येणार नाही.

आता पुढचं. सपाट जागा, हँडब्रेक घट्ट, मागच्या चाकांना ओट (दगड किंवा ठोकळा) लावा, पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि खाली स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर वाकू नका. इंजिन बंद, चावी ऑन, गिअर न्यूट्रलला. उचललेलं चाक हाताने हळू फिरवा. दुसरं चाक जमिनीवर असलं तरी डिफरन्शियल (दोन्ही चाकांना फिरवणारा गिअरसंच) अर्ध्या वेगाने फिरतं, त्यामुळे सेन्सरला दात दिसतात. सिग्नल वायरवर मीटर डीसीला ठेवा, चाक अगदी सावकाश फिरवलं तर व्होल्टेज वर-खाली वर-खाली होताना दिसेल, जोरात फिरवलं की मीटर मधलाच कुठलातरी आकडा दाखवेल, कारण त्याला तेवढ्या वेगाने बदल पकडता येत नाही. हॉल सेन्सर सावकाश फिरवलं तरी सिग्नल देतो. दोन वायरचा असता तर ही टेस्ट इतकी सोपी नव्हती, त्याचा व्होल्टेज वेगावर अवलंबून असतो आणि हाताने फिरवून फारच कमी येतो.

हे सगळं गाडी फिरवून आणल्यावर, गरम असताना करा, फक्त एक्झॉस्टला हात लागू देऊ नका. थंड गाडीवर सगळं बरोबरच येणार, कारण दुखणं गरम झाल्यावरचं आहे. आणि चाक कोणीतरी फिरवत असताना तुम्ही हार्नेस (वायरचा जुडगा) हळूहळू हलवत जा, सेन्सरपासून सुरू करून जिथे जिथे वायर वळते, क्लिप आहे, ब्रॅकेटला घासते तिथे तिथे. व्होल्टेज हलायचा थांबला की तिथेच थांबा.

चौथा_गिअर

हे मस्त आहे. इनपुट सेन्सरचा सप्लाय आणि ह्याचा सप्लाय एकच असेल का? मग दोन्ही एकदम पडायला हवे होते.

तारजोड

बरोबर पकडलंत. सप्लाय कॉमन असून तिथे प्रॉब्लेम असता तर इनपुटपण पडला असता. इनपुट स्थिर आहे म्हणजे कॉमन सप्लाय ठीक, बिघाड आउटपुट सेन्सर किंवा त्याच्या स्वतःच्या वायरमध्येच आहे. शोधायची जागा खूप कमी झाली.

निळी_सेदान

सापडलं!! भाऊ चाक फिरवत होता आणि मी हार्नेस हलवत होते. कनेक्टरपाशी काही नाही, पण पुढे वितभर अंतरावर वायर एका लोखंडी ब्रॅकेटवरून वळते आणि एक्झॉस्टच्या अगदी जवळून जाते, तिथे जरा दाबलं की व्होल्टेज मेला, सोडलं की आला. टेप उकलली तर सिग्नल वायरचं इन्सुलेशन कडक होऊन तडकलेलं, आणि आतली तांब्याची तार हिरवट पडून फक्त दोन-तीन धाग्यांवर लटकलेली. तापल्यावर ते धागे सुटत असणार. सेन्सर काढूनही बघितला, टोकाला थोडासा करडा चिखल होता, तुकडे नाहीत.

आता वायर जोडायची कशी? नुसती पिळून टेप लावली तर चालेल का?

ऑइलसील

नाही ताई, नुसती पिळून अजिबात नको, परत तिथेच हिरवी पडेल. हिरवट झालेला भाग पूर्ण कापून टाका, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे या, त्याच जाडीचा उष्णता सहन करणारा वायरचा तुकडा मध्ये घाला, दोन्ही जोड क्रिंप करा (धातूच्या नळीत घालून दाबा) आणि आतून गोंद असलेली हीटश्रिंक (तापवली की आवळणारी नळी) चढवा. जोड वळणावर येऊ देऊ नका, सरळ भागात घ्या. हार्नेसला सैलपणा ठेवा, कारण इंजिन माउंटवर हलतं आणि ताणलेली वायर परत तुटते. ब्रॅकेटवर रबराचं आवरण घाला आणि एक्झॉस्टपासून लांब बांधा.

सेन्सर बसवताना ओ-रिंग नवीन घ्या, तिला थोडं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) लावा, बोल्ट बेताने आवळा, बॉडी प्लास्टिकची असते. काढताना थोडं ऑइल सांडलं असेल तर लेव्हल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पद्धतीने परत बघा.

निळी_सेदान

वायर जोडली, मार्ग बदलून बांधली, कोड क्लिअर केले. भरपूर गरम करून फिरवून आणली, रेकॉर्डिंगमध्ये आउटपुट कुठेही तुटला नाही, काटा स्थिर, लॉकअपपण लागतोय. पण दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना अजून थोडा जाणवेल असा धक्का आहे, आधीसारखा नाही पण आहे. हे काय?

तारजोड

चुकीच्या सिग्नलवर मॉड्यूलने शिफ्टच्या प्रेशरची जुळवाजुळव केलेली असू शकते, ती लगेच जात नाही. हलक्या पायाने, गाडी गरम असताना, सगळे गिअर वर-खाली होतील असं थोडं चालवा, हळूहळू मऊ होत जाईल. काही गाड्यांत स्कॅनरमधून ट्रान्समिशन लर्न रीसेटचा पर्याय असतो, तो असेल तर मॅन्युअलप्रमाणे करा. एवढं करूनही राहिला तर त्याच २-३ शिफ्टचं इनपुट-आउटपुट रेकॉर्डिंग इथे टाका, शिफ्टच्या वेळी इनपुट उसळी मारतोय का ते बघू.