'अवीट' फक्त गाण्यांसाठीच असतं का? (लांबलचक पोलीस-मालिकेसाठी शब्द हवाय)

मंडळी, एक शब्द बरेच दिवस शोधतेय. मी जे. डी. रॉब यांची 'इन डेथ' मालिका वाचते, पहिली दोन पुस्तकं फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली होती आणि मग मिळेल तिथून पुढची गोळा करत गेले. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते, २०५८ सालातलं न्यूयॉर्क, ईव्ह डॅलस नावाची खुनांचा तपास करणारी पोलीस लेफ्टनंट, आणि दर पुस्तकात नवी केस. पहिलं पुस्तक १९९५ चं. लेखिका म्हणजे नोरा रॉबर्ट्सच, हे टोपणनाव. वर्षाला साधारण दोन पुस्तकं येतात, पन्नाशी केव्हाच ओलांडली.

तर परवा विरार लोकलमध्ये भाची शेजारी बसलेली, म्हणाली, "मावशी, हे तर वाचलंयस ना तू, खुनी कोण माहितीये, मग परत काय वाचतेस?" मी "अगं, त्यात ना..." एवढंच म्हणाले आणि पुढे शब्दच सुचेना. तिनेच विचारलं, व्यसन लागल्यासारखं आहे का? तसं अजिबात नाही. व्यसन सोडावंसं वाटतं माणसाला, मला हे सोडायचं नाहीये. मराठीत या ओढीला काय म्हणाल? 'आकर्षण' नको, त्यात दुरून बघणं आहे.

प्रतिसाद:
ताई, सरळ 'उत्कंठावर्धक' म्हणा की. नाहीतर 'खिळवून ठेवणारी'. रहस्यकथेला हेच शब्द वापरतात, पेपरातल्या परीक्षणात तर हमखास.

प्रतिसाद (मूळ लेखिका):
दादा, उत्कंठा हा शब्द मला फार आवडतो पण इथे बसत नाही. उत् म्हणजे वर, आणि कंठ, म्हणजे मान उंचावून वाट बघणं. दादरला फलाटाच्या कडेला सगळे मान पुढे काढून गाडीचा दिवा दिसतोय का बघत असतात ना, ती उत्कंठा. गाडी आली की संपली. पहिल्यांदा वाचताना ती असतेच, पण दुसऱ्या वाचनात खुनी माहीत असताना मान कशासाठी उंच करायची? आणि खिळवून ठेवणं म्हणजे जागचं हलू न देणं, तेही एका बैठकीपुरतंच. मी तर पुस्तक मिटून अंधेरीला उतरते, दिवसभर काम करते आणि संध्याकाळी परत तिथेच जाते.

प्रतिसाद:
माझं मत 'लळा'. चटक जिभेला लागते, नाद लागला म्हटलं की घरचे काळजीत पडतात, लळा मात्र माणसाचा लागतो, मांजराचा लागतो. आमचे आजोबा गिरगावात रहस्यकथाकार बाबुराव अर्नाळकरांची पुस्तकं लायब्ररीतून आणायचे, अर्नाळकरांनी हजारावर लिहिली, आजोबांना गुन्हा कुठला ते दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही पण त्यांच्या नायकाचं, झुंजारचं नाव काढलं की चेहरा खुलायचा. हा लळाच.

प्रतिसाद:
आधी मालिकेला काय म्हणायचं ते ठरवा, भविष्यकालीन की भविष्यवेधी? मी दुसरा सुचवेन.

प्रतिसाद (मूळ लेखिका):
लळा अगदी जवळ आलात!! खरंच लळाच लागतो. पीबडी ही ईव्हची सहकारी सुरुवातीला युनिफॉर्ममधली साधी पोलीस असते, पुढे डिटेक्टिव्ह होते, आणि ते प्रमोशन वाचताना मला आपल्याच घरातली मुलगी पास झाल्यासारखं झालं होतं. ईव्ह ऑफिसात चॉकलेट लपवून ठेवते आणि कुणीतरी ते शोधून चोरतंच, हा प्रकार किती पुस्तकं चाललाय. त्या काळात खरी कॉफी दुर्मीळ आणि महाग, आणि रोर्क, म्हणजे तिचा पुढे नवरा होतो तो, पहिल्याच पुस्तकात तिला खऱ्या कॉफीची पिशवी पाठवतो. कॉफीचं हे एवढंसं वाचून ते जग मला जितकं खरं वाटलं तितकं उडत्या गाड्यांनी नाही वाटलं. शब्दचर्चा करणाऱ्यांना आवडेल असंही एक आहे, ईव्हला म्हणी-वाक्प्रचार धड जमत नाहीत, उलटसुलट करते आणि असं का म्हणतात म्हणून भांडतेसुद्धा.

'भविष्यवेधी' मात्र नको. वेध घेणं म्हणजे नेम धरणं, पुढे काय होणार ते सांगणं, आणि ही मालिका भाकीत करत नाही, ती फक्त तिथे राहते. 'भविष्यकालीन'च बरोबर. वेध लागणं मात्र वाचकाला होतं, गणपतीचे लागतात तसे, नवं पुस्तक यायच्या आधी.

पण लळा माणसांचा, मला पुस्तकांबद्दल बोलायचंय, आणि काल रात्री एकदम 'अवीट' आठवला. आपण तो 'अवीट गोडीची गाणी' एवढ्यापुरताच ठेवलाय. नीट बघा त्याच्याकडे. वीट म्हणजे अति झाल्यावर येणारा नकोसेपणा, अवीट म्हणजे कितीही झालं तरी तो न येणारं. आणि विटणे म्हणजे रंग उडणंसुद्धा, विटकं लुगडं म्हणतो ना. म्हणजे अवीटमध्ये दोन्ही आलं, कंटाळा येत नाही आणि रंग उडत नाही. तीस वर्षं पुस्तकं येतायत, गोष्टीत मात्र तीनेक वर्षंच सरकलीत, तीच माणसं, पुन्हा एक खून आणि पुन्हा तपास, वीट यायला सगळी कारणं आहेत आणि तो येत नाही. उत्कंठा एकदाच पुरते, अवीटपणा मोजायला पन्नास पुस्तकं लागतात.

प्रतिसाद:
पटलं. फक्त 'अविट' असं ऱ्हस्व लिहू नका कुणी, वीट दीर्घ म्हणून अवीटही दीर्घ, विटणे-विटका ऱ्हस्व. आणि वीट 'आला' म्हणायचं, 'वीट आली' म्हणजे विठोबाच्या पायाखालची.

प्रतिसाद (मूळ लेखिका):
हो हो, तो वीट आणि ती वीट. भाचीला आज सांगितलं, तिने शब्द दोनदा म्हणून बघितला आणि पहिलं पुस्तक घेऊन गेली, त्याच फुटपाथवरचं, कव्हरचा रंग पार विटलाय.