मांजरेकरांचं तोंड, बोर्डाचा माइक

कट्ट्यावरचा नाईटवॉचमन:
मार्च 2020 मध्ये बीसीसीआयने माजी कसोटीपटू संजय मांजरेकरांना समालोचकांच्या यादीतून काढलं, तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही नाही. 2019 च्या वर्ल्डकपमध्ये जडेजाला 'बिट्स अँड पीसेस' खेळाडू म्हणाले, म्हणजे थोडी बॅटिंग, थोडी बोलिंग. पण कसोटीत तो अस्सल बोलर आहे, हेही त्याच दमात म्हणाले होते. ते कुणाला ऐकायचंय? सगळ्यांनीच 'काय शॉट, काय शॉट' करायचं असेल तर समालोचक हवेत कशाला?

सौराष्ट्रप्रेमी पुणेकर:
त्याच वर्ल्डकपची मँचेस्टरची सेमीफायनल सोयीस्कर विसरलात! 240 करायचे होते, 92 ला 6 गेलेले. जडेजाने 59 चेंडूंत 77 ठोकले. पन्नाशीनंतर कॉमेंट्री बॉक्सकडे बघून बॅट तलवारीसारखी फिरवली ती कुणासाठी होती?

कट्ट्यावरचा नाईटवॉचमन:
आठवतंय की. आणि जडेजाने आपल्याला सपशेल तोंडघशी पाडलं, हे मांजरेकरांनी स्वतःच कबूल केलं. किती जण करतात?

टेनिस बॉलवाली:
जडेजाचं सोडा हो. त्याच वर्षी ईडनवर गुलाबी चेंडूची कसोटी होती. चेंडू नीट दिसतो का, हे खेळाडूंना विचारायला हवं, असं सोबतचे समालोचक हर्षा भोगले म्हणाले; ते कधी भारताकडून खेळलेले नाहीत. त्यावर मांजरेकरांचं उत्तर काय, तर तुला विचारावं लागेल, आम्ही खेळलोय, आम्हाला कळतं. याला स्पष्टवक्तेपणा नाही, माज म्हणतात. नंतर चूक मानली, ठीक. पण मी सीझन बॉल कधी हातात धरला नाही, म्हणून मी प्रश्नच विचारायचा नाही का?

थर्ड अंपायर:
दोघंही भलतीकडेच भांडताय. 2016 च्या आयपीएलआधी भोगल्यांनाही असंच काढलं होतं. त्यांनी कुणाचा अपमान केला होता? घरच्या सामन्यांचा माइक बोर्डाचा, त्यामुळे कुणी बोलायचं तेही बोर्डच ठरवणार. आणि तुमचे हे स्पष्टवक्ते काढल्यावर काय म्हणाले? समालोचन हा मान आहे, हक्क नाही; ठेवायचं की नाही ते मालकाने ठरवायचं. जडेजावर सुटणारी जीभ तिथे बरी आवरली!

कट्ट्यावरचा नाईटवॉचमन:
हे मात्र लागलं. तरी काढलं ते चुकलंच.

टेनिस बॉलवाली:
आमचे बाबा टीव्ही म्यूट करून रेडिओ लावायचे. रेडिओ चेंडूभर पुढे असायचा. बोलर अजून धावतोय आणि बाबा म्हणायचे, "गेला!"