जाहिरातीतील पाश्चात्त्य अभिजात रचना कशी ओळखावी?

प्रश्न

सध्या एका मोटारीच्या जाहिरातीत एकाच तंतुवाद्यावर वाजवलेली रचना ऐकू येते. वाद्य व्हायोलिनपेक्षा बरेच खर्जातले आहे, साथीला तालवाद्य नाही आणि स्वर न थांबता एकाच लयीत वाहत राहतात. संगीत ऐकून गाणे ओळखणाऱ्या शाझॅम या ॲपला ती ओळखता आली नाही. निवेदकाचा आवाज लगेच सुरू होतो, हे कारण असावे. पेटीवर काढून पाहिले तेव्हा सुरुवात अशी मिळाली: मंद्र सा, मंद्र प, मग मध्य सप्तकातील ग, रे, ग, पुन्हा मंद्र प, ग, प. ही आठ स्वरांची आकृती लागोपाठ दोनदा येते. रचना कोणती, आणि असा शोध स्वतः कसा घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

आपण स्वर लिहून दिलेत, त्यामुळे शंकेला जागा उरली नाही. योहान सेबास्टियन बाख यांनी एकट्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा स्वीटपैकी (नृत्यरचनांच्या मालिकांपैकी) पहिलीचा हा प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग आहे. शोधताना ‘बीडब्ल्यूव्ही १००७’ हा बाख यांच्या रचनांच्या सूचीतील क्रमांक वापरावा. पडताळा घ्यायचा असेल तर पुढची आकृती पेटीवर वाजवून पाहा: सा, ध, म, ग, म, ध, म, ध. तिच्यानंतरच्या आकृतीत ध च्या जागी मंद्र नि येतो, पण तळाचा सा मात्र जागचा हलत नाही, आणि या रचनेचे सारे स्थैर्य मला त्या एका स्वरात जाणवते. विख्यात चेलोवादक पाब्लो कासाल्स यांना १८९० मध्ये, तेराव्या वर्षी, बार्सिलोनातील एका दुकानात या स्वीटची छापील प्रत मिळाली आणि १९३६ ते १९३९ या काळात त्यांनी सहाही ध्वनिमुद्रित केल्या. ते ध्वनिमुद्रण अवश्य ऐकावे.

प्रतिसाद २

निवेदकाचा आवाज हे मुख्य कारण नसावे. शाझॅम रचना ओळखत नाही, विशिष्ट ध्वनिमुद्रण ओळखते. बाख १७५० मध्ये निवर्तले, त्यामुळे त्यांच्या रचनेवर आता कोणाचा स्वामित्वहक्क नाही; परंतु एखाद्या कलावंताने केलेल्या ध्वनिमुद्रणाचे हक्क वेगळे असतात, म्हणून जाहिरातदार पुष्कळदा तीच रचना नव्याने वाजवून घेतात आणि तीस सेकंदांत बसवण्यासाठी मधल्या ओळी गाळतात. असे वादन कोणत्याही संग्रहात नसते. अशा वेळी गुणगुणून शोधण्याची गूगलची सोय अधिक उपयोगी पडते, कारण ती चालीच्या वळणाशी जुळणी करते. त्याच तत्त्वावर डेनिस पार्सन्स यांनी १९७५ मध्ये सुरावटींचा कोश प्रसिद्ध केला होता: प्रत्येक स्वर आधीच्यापेक्षा वर गेला, खाली आला की तोच राहिला, एवढेच नोंदवायचे. आपली सुरावट त्यात ‘वर, वर, खाली, वर, खाली, वर, खाली’ अशी लिहिली जाईल. स्वरज्ञान नसलेल्यालाही हे जमते, म्हणून मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. फक्त एक सावधगिरी सुचवतो. टायटन घड्याळांच्या जाहिरातीतील सुरावट मोझार्टच्या १७७३ मधील पंचविसाव्या सिंफनीची आहे, त्यामुळे कान तिला जुनी म्हणतो ते बरोबरच ठरते. पण डी बीअर्सच्या हिऱ्यांच्या जाहिरातीतील व्हायोलिनवृंद ऐकून अनेकजण अठराव्या शतकातील संगीतकार विवाल्डीच्या रचनांमध्ये शोधत बसतात, आणि ते संगीत मात्र विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातील कार्ल जेंकिन्स यांचे आहे. त्यातूनच पुढे त्यांची ‘पलाडिओ’ ही रचना आकाराला आली. म्हणून शैलीवरून काळ ठरवण्याआधी जाहिरात करणाऱ्या संस्थेच्या अधिकृत चित्रफितीखालील श्रेयनोंद वाचावी. तेथे संगीतकाराचे नाव नसेल, तर मग प्रश्नकर्त्यांनी केले तसे पहिले आठ स्वर लिहून काढावेत.