मदत हवी आहे: ब्रायडल्ड टर्न की सूटी टर्न?

बडोद्याच्या आपल्या पक्षीनिरीक्षण गटाच्या मे महिन्यातल्या यादीत वेंगुर्ला रॉक्सची (सिंधुदुर्ग किनाऱ्यासमोरची खडकाळ बेटं) एका टर्नची, म्हणजे समुद्रपक्ष्याची, नोंद अडली आहे. होडीतून ३०० मिमी लेन्सने घेतलेले चार फोटो आहेत, सगळे उन्हाविरुद्ध. पाठ काळी दिसते, पण फोटोतली सावली उजळल्यावर ब्रायडल्डसारखी तपकिरी झाक येते. त्या रंगावर माझा विश्वास नाही. कपाळाचा पांढरा पट्टा डोळ्यामागे जातो का, हेच नेमकं धूसर आहे (जात असता तर ब्रायडल्ड ठरला असता). पोट पांढरं, म्हणजे सूटीचं पिल्लू नाही. ब्रायडल्डच्या मानेवर असते ती फिकट पट्टीही दिसत नाही. पंखांची खालची बाजू मात्र स्पष्ट आहे: उड्डाणपिसं गडद, त्यातल्या पंखटोकाच्या पिसांची मुळं फिकट. पुन्हा जाणं पावसाळ्यानंतरच. पंखांच्या तेवढ्या खुणेवरून ब्रायडल्ड म्हणता येईल का?