शब्दचर्चा: माकडाचा जबडा, ‘चावणे’ आणि ‘बदलणे’

(बोलणाऱ्यांची ओळख सोलापुरातल्या त्यांच्या भागाच्या नावाने दिली आहे.)

जुळे सोलापूर: नववीसाठी माकडांच्या कवट्यांचा तक्ता करतोय. ‘आहारामुळे जबडा बदलतो’ आणि ‘पाला चावणाऱ्यांची हनुवटी खोल असते’, ही वाक्यं चालतील का?

सात रस्ता: सर, हनुवटी आधी काढा. खालच्या जबड्याचं पुढे आलेलं टोक म्हणजे हनुवटी, ती फक्त माणसाला. माकडाचं हाड तिथे तिरकं मागे उतरतं. ‘खोल’ही नको, मोजतात ती दाढेखालच्या हाडाची उंची.

बाळे: खरी गडबड ‘चावणे’मध्ये आहे. कडक भाकरी आपण मोडतो पटाशीच्या दातांनी, बारीक करतो दाढांनी. मराठीत दोन्हीला चावणंच. माकडांमध्ये मात्र या दोन कामांप्रमाणे तोंडाची ठेवण वेगळी होते. आपल्याकडच्या तांबड्या तोंडाच्या माकडाला फळं सोलायची, तोडायची असतात: पटाशी रुंद, तोंड पुढे आलेलं, गालात पिशव्या. काळ्या तोंडाचं वानर पाला खातं: पटाशी अरुंद, दाढांची टोकं उंच, कडा धारदार, जबड्याचं हाड उंच. दात दोघांचे 32च. तेव्हा ‘पाला दाढांनी कातरणाऱ्यांचा खालचा जबडा उंच असतो’ असं लिहा. आणि वानराला ‘रवंथ’ चिकटवू नका हो! जठर कप्प्यांचं आहे, पण वानर गाईम्हशींसारखं घास परत तोंडात आणून चघळत बसत नाही.

होटगी रोड: ‘फोडणे’ हा तिसरा रकाना करा. दक्षिण अमेरिकेतलं कॅपुचिन माकड कठीण फळं फोडतं: दंतवल्क (दातावरचं कठीण आवरण) जाड, जबडा भक्कम, कानशिलावरचा स्नायू मोठा. घास जबड्याच्या सांध्याजवळ, म्हणजे दाढेकडे गेला की जोर वाढतो. पण तोंड मोठं उघडायचं तर स्नायूंचे धागे लांब लागतात आणि जोर कमी पडतो. खोड कोरून डिंक खाणाऱ्या मार्मोसेट या छोट्या माकडाने हा सौदा केलाय: जोर सोडून तोंड मोठं उघडायचं. नराचे लांब सुळे मात्र या तक्त्यात घेऊ नका, ते मुख्यतः भांडणासाठी.

सात रस्ता: राहिलं ‘बदलतो’. मऊ अन्नावर वाढवलेल्या स्क्विरल मंकींच्या दातांची कमान अरुंद झाली, दात वेडेवाकडे आले. हा एका जन्मातला फरक, इथे ‘बदलतो’ बरोबर. कॅपुचिनचं जाड दंतवल्क पिढ्यान्‌पिढ्यांच्या नैसर्गिक निवडीतून आलं. एकदा तयार झालेलं दंतवल्क झिजतं, खाऊन जाड होत नाही. तिथे ‘घडत गेला’ लिहा.

जुळे सोलापूर: मुलांना कवट्या मोजायला द्यायच्यात. उंची कुठे घ्यायची?

बाळे: पहिल्या दाढेखाली, व्हर्नियर कॅलिपरने, उभी. मग जबड्याच्या लांबीने भागा, नाहीतर मोठ्या जातीचा जबडा नुसता आकारानेच उंच ठरेल. शेवटची दाढ पूर्ण आलेलीच कवटी घ्या. पिल्लाचं हाड वाढीत असतं. आणि नराशी नरच ताडा, मादीशी मादी.